पाचशे चाळीस ग्रॅम

रियाध,
शुक्रवार, १८ सप्टेंबर

प्रिय इसहाकभाई,

तुमचे फोटो मिळाले आणि निरोपही मिळाला. निरोप तीन वेळा ऐकला. पहिल्यांदा गाडीत, खर्जच्या रस्त्यावर. मग ऑफिसात दार लावून, आणि नंतर घरी, विभावरीला ऐकवताना. तुम्ही म्हणाल, साहेबांनी उत्तरही आवाजातच पाठवायचं की, आजकाल कागदावर कोण लिहितं! पण बोलायला लागलो की मी माझ्या सोयीचं बोलतो, हे मला आता स्वतःबद्दल कळलंय. लिहिलेलं निदान पुन्हा वाचावं लागतं. शिवाय हा कागद तुमच्याजवळ राहावा, वाटलं तर तुम्हाला तो कुणालाही दाखवता यावा, असंही मनात आहे. खेडचा एक ओळखीचा माणूस पुढच्या आठवड्यात सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती देतो. तो दाभोळला घरी आणून देईल.

आधी तुमच्या माडांचं. फोटो छान काढलेत. कोंब वेगळा, जुनी झावळी वेगळी, गळून पडलेली बोंडं हातात धरून वेगळी. नव्या झावळ्या आखूड आल्यात, पात्यांची टोकं एकमेकांना चिकटून राहिलीत, सुटत नाहीत, आणि शेंड्याशी आकड्यासारखी वळलीत. जुन्या झावळ्या मात्र हिरव्यागार. म्हणजे हा भुंगा नव्हे आणि रोगही नव्हे, बोरॉन कमी पडलंय. नत्र किंवा पालाश कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, घरातली मोठी माणसं आपल्या ताटातलं लहानांना वाढतात तसं. म्हणून तिथं आधी जुनं पान पिवळं पडतं. बोरॉन बहुतेक पिकांत एकदा ज्या पानात जाऊन बसलं तिथून हलत नाही. त्यामुळे कमी पडलं की नवा कोंब मार खातो, आणि जास्त झालं की जुनं पान कडेनं करपतं. तुमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, जांभ्याच्या मातीत ते टिकत नाही, धुऊन खाडीला जातं. त्यात तुम्ही एकोणीस वर्षं इकडे. माडांना मीठ आणि शेण याखेरीज कुणी काही घातलं असेल असं वाटत नाही.

पाऊस ओसरला की दर माडाला पन्नास ग्रॅम बोरॅक्स द्या. बुंध्याला लागून नको, चार-पाच फूट लांब आळ्यात गोल पसरायचं, मातीत मिसळायचं आणि वर पाणी सोडायचं. तीन महिन्यांनी पुन्हा तेवढंच. त्याहून जास्त नाही, फळ लवकर धरावं म्हणून तर मुळीच नाही. सोबत पोटॅश द्या, त्याशिवाय नुसत्या बोरॉनचा उपयोग नाही. जमलं तर आधी दापोलीला माती दाखवून घ्या. नवी झावळी सरळ यायला सहा-आठ महिने लागतील आणि बोंड टिकायला वर्षाच्या वर, तेव्हा रोज वर बघत बसू नका, मान दुखेल.

माडांचं एवढंच. पण तुमच्या निरोपात माडांखेरीज दुसरंही होतं. तुम्ही म्हणालात, "आकडा तुमी सांगा सायेब. वजन मी करनार नाय, वजन जलाल करील. माझ्या हाताचा आता भरवसा नाय." जलाल म्हणजे तुमचा मेहुणा, किराणा दुकानवाला. त्याच्या काट्यावर गूळ आणि कांदे मोजले जातात, ग्रॅम-दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर त्याला फरक पडत नाही. आणि अगदी शेवटी, खोकून झाल्यावर, तुम्ही विचारलंत, "सायेब, त्या टायमाला मी किती टाकला असंल? अडीच वरसा झाली, मला काय केल्या आठवत नाय." नूरुन्निसाभाभींनी मध्ये विभावरीला फोनवर सांगितलं होतं की तुम्ही हल्ली नाक्यावर चहाला जात नाही. तिथं कुणीतरी तुमच्या पाठीमागे म्हणालं होतं, हा सौदीत मालकाचं शेत जाळून आला. पूर्वी सुट्टीवर गेलात की गावातली माणसं कलमांच्या फवारणीचं विचारायला तुमच्या ओट्यावर येत. आता कुणी आलंच तर तुम्हीच नाही म्हणता. बावीस माड उभे आहेत, औषध पन्नास ग्रॅमचं आहे, आणि एकोणीस वर्षं ग्रॅम मोजलेला माणूस काट्याला हात लावत नाही. विभावरीला तो निरोप ऐकवताना हे सगळं मला एकदम दिसलं आणि मला पुढचं ऐकवेना.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. ते सांगण्यासाठीच बसलोय, पण सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय मला ते जमणार नाही. तेवढी सूट द्या.

मी इथं आलो त्या दिवशी तुम्ही खतांच्या मिक्सिंग रूममध्ये हातपाय धुऊन, पांढऱ्या बनियनवर तो निळा एप्रन घालून उभे होतात. मी निफाडचा, द्राक्षबागांचा सल्लागार, पंधरा वर्षं बागायतदारांनी साहेब-साहेब केलेला. मला वाटलं, वाळवंटातल्या या काकडीवाल्यांना आता मी शिकवणार. आणि पहिल्याच आठवड्यात मी कॅल्शियमची पूड ए टाकीऐवजी बी टाकीत घालायला सांगितली. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. फक्त एका बाटलीत चमचाभर हे आणि चमचाभर ते घालून, हलवून माझ्यासमोर धरलंत. तळाशी चुना बसला. म्हणालात, "या दोन जावा हायत सायेब. एका चुलीवर ठेवल्या की दोघींचा सयपाक वाया." मी हसलो खरा, पण त्या दिवसापासून मला तुमचा धाकही वाटायला लागला. तुमची पद्धत पाहून तर कंटाळा येई. पूड काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, उतरवायची, काटा शून्यावर आणायचा, पुन्हा ठेवायची. मग बिस्मिल्ला म्हणून टाकीत. मग हात पुसून वहीत नोंद, आणि आकड्यापुढे दोन बारीक रेघा, म्हणजे दोनदा तोललं. सगळं मराठी आकड्यांत, दाभोळच्या शाळेतल्या त्या गोल वळणात. मी म्हणायचो, इसहाकभाई, एवढ्या वेळात माणूस मक्केला जाऊन येईल.

तुम्ही एकदा विचारलं होतंत, नत्र पोत्यानं टाकायचा आणि बोरॉन चिमटीनं, मग त्या चिमटीचा एवढा मान कशाला? मी सांगितलं होतं की फूल धरायला, परागकण रुजायला, नवी पेशी नीट बांधली जायला ते लागतंच. इतर खतांत थोडं मागंपुढं झालं तर झाड सांभाळून घेतं, पण बोरॉनचं पुरेसं आणि जास्त यांच्यात अंतर फार थोडं असतं. तुम्ही म्हणालात, "म्हंजे मिठासारका. कमी झाला तर घरचा बोलतो, जास्त झाला तर पावनाबी बोलतो." हे मी नंतर कितीतरी नव्या पोरांना शिकवताना वापरलं आणि ते माझंच आहे असं भासवलं. आज सगळंच कबूल करतोय तर हेही असू दे.

इकडची खबर थोडी सांगतो. मिक्सिंग रूममध्ये आता मशीन बसलंय, पडद्यावर बोट ठेवलं की तेच ढवळतं. चालवणारा मुलगा केरळचा आहे, हुशार आहे, पण पान बघायला आत जात नाही, पडदाच बघतो. तुमची किटली अजून तिथंच आहे. विभावरी ओलायातल्या त्याच बँकेत आहे, आता तिच्या हाताखाली सहा माणसं आहेत, त्यामुळे घरी येऊन माझ्यावर हुकूम चालवण्याचा तिचा सराव वाढलाय. ज्ञानदा पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली. तिला तुमच्या हातचं सुकं बोंबलाचं कालवण आठवतं. फोनवर आमच्याशी बोलते इंग्रजीत, पण भूक लागली की मराठीत.

आता त्या वर्षाचं. हिवाळ्यात आपला जुना बोअर आटला आणि नवा, जास्त खोल बोअर सुरू झाला, हे तुम्हाला आठवत असेल. पाणी आरओतून यायचं. तुम्ही रोज सकाळी क्षार मोजणारा ईसी मीटर बुडवून आकडा लिहायचात आणि आकडा पहिल्यापेक्षाही चांगला होता. मालक खूश, मॅनेजर जमालुद्दीनसाहेब खूश. मी नव्या पाण्याचा नमुना रियाधच्या लॅबला पाठवला होता. रिपोर्ट ईमेलनं आला. मोबाइलवर उघडला, क्षार बघितले, सोडियम बघितलं, सगळं उत्तम होतं, 'शुक्रन' म्हणून उत्तर पाठवलं. मग शाबान महिन्याच्या शेवटी काकडीच्या सालीवर खरखरीत पट्टे दिसायला लागले. साल खरखरीत म्हणजे बोरॉन कमी, असा माझा अंदाज. अंदाज कसला, सवय ती. आमच्या निफाडकडे द्राक्षाला फुलोऱ्याआधी बोरॉन, हे न विचारता ठरलेलं असतं. पाण्यात आधीच किती आहे हे तिथं कुणी बघताना मी पाहिलं नव्हतं, मला स्वतःलाही कधी बघावं लागलं नव्हतं. मी भिंतीवरच्या चिठ्ठीत बोरॉनचं रोजचं दोनशे सत्तर ग्रॅम खोडून पाचशे चाळीस लिहिलं आणि खाली सही केली. रमजान लागायला तेव्हा दोन दिवस होते.

आठव्या रोज्याला तुम्ही माझ्या केबिनमध्ये आलात. हातात खालची तीन पानं होती, कडेनं पिवळी. म्हणालात, "सायेब, मीटर बरा बोलतो, पन पान बरा बोलत नाय. नवा पुडा चार दिस बंद ठेवू काय?" मी पानं उलटीपालटी करून बघितली. जुन्या पानाची कड जळते ती पालाश कमी पडल्यावरही जळते, दिसायला दोन्ही जवळजवळ सारखंच. मी म्हणालो, पालाश वाढवा, बोरॉनला हात लावू नका. मी संगणकाकडे वळलो. तुम्हाला वाटलं असेल, साहेब शिकलेला माणूस आहे. पुढचे बारा दिवस तुम्ही माझ्या चिठ्ठीप्रमाणे पूड टाकत राहिलात, आणि विसाव्या रोज्याला सहा पॉलिहाउसमधली पानं कागदासारखी वाजायला लागली. रमजानात प्रत्येक घरी इफ्तारीला काकडी लागते, वर्षाचा सगळा भर त्या महिन्यावर, आणि आपण वेली उपटून बाहेर ढीग घालत होतो. ढीग रचणाऱ्यांत तुम्हीही होतात, रोज्याच्या तोंडानं.

पानांचा रिपोर्ट आला. बोरॉन नेहमीच्या पाच-सहा पट. जमालुद्दीनसाहेब काही वाईट माणूस नाही, पण त्यांना मालकाला कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. त्यांनी सरळ हिशेब केला. चिठ्ठीवर पाचशे चाळीस आहे, पाणी स्वच्छ आहे, मग पानात एवढं आलं कुठून? म्हणजे टाकणाऱ्यानं जास्त टाकलं. असरच्या नमाजानंतर तुम्हाला ऑफिसात बोलावलं. कुराण हातात घेऊन सांगा की मी चिठ्ठीप्रमाणेच टाकलं, विषय खलास, असं ते म्हणाले. त्यांना मनातून तुम्हाला सोडवायचंच होतं, मला ते दिसत होतं. आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "लगता तो नहीं कि ज़्यादा डाला. मगर रोज़े में सर चकराता था. सिर्फ़ लगने पर कुरान कैसे उठाऊँ साहब?" त्या खोलीत तुमच्या जागी दुसरा कुणीही असता तर त्यानं शपथ घेतली असती. खरी असती तरी, खोटी असती तरी. तुम्हाला नव्याण्णव टक्के खात्री होती, आणि उरलेल्या एका टक्क्यासाठी तुम्ही नाही म्हणालात. तिथंच सगळं फिरलं.

मग वही आणली. वही मराठीत, जमालुद्दीनसाहेब हैदराबादचे, त्यांना आकडे लागेनात. त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली, क्या लिखा है, यतीनभाई? मी वाचलं. रोज पाचशे चाळीस, रोज पुढे दोन रेघा. त्या रेघांचा अर्थ त्या खोलीत तुमच्याखेरीज फक्त मला माहीत होता. मी सांगितलं की वहीत पाचशे चाळीसच आहे. आणि त्याला जोडून, कुणी विचारलं नसताना, म्हणालो की पण लिहिणारा आणि टाकणारा माणूस एकच आहे. रेघांचं बोललोच नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते मला अजून आठवतं. रागानं नाही बघितलंत. तुम्हाला त्या क्षणी स्वतःविषयी शंका आली, कारण मी, ज्यानं तुम्हाला नऊ वर्षं रोज तोलताना पाहिलं होतं, त्यानंच ती घेतली होती. इसहाकभाई, तेव्हा मला खरंच वाटत होतं की चूक तुमच्या हातून झाली असावी. एवढ्यापुरतं तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

लॅबच्या त्या रिपोर्टला दोन कागद होते. मी पहिला वाचला होता. दुसऱ्यावर लोह, मँगनीज, जस्त असली सूक्ष्म द्रव्यं होती आणि खालून तिसऱ्या ओळीत बोरॉन. ते दर लिटरला जेवढं चालतं त्याच्या तिपटीच्या वर होतं. नुसतं पाणी दिलं असतं तरी काकडी कण्हली असती, त्यावर मी दुप्पट डोस चढवला. पाण्यातलं बोरॉन आरओच्या जाळीतून बरंचसं निसटतं, आणि ईसी मीटरला तर ते दिसतच नाही. मीटर फक्त विद्युतभार असलेले क्षार मोजतो, याला तो नसतो. म्हणून मीटर बरं बोलत होता आणि पान बरं बोलत नव्हतं. शाळा सोडलेल्या तुम्ही साध्या भाषेत जे आठव्या रोज्याला सांगितलंत, ते मला पदव्या असून कळलं नाही. हा दुसरा कागद मला नंतर सापडला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. तुम्ही पाचशे चाळीस ग्रॅम टाकलंत. रोज पाचशे चाळीस, दोनदा तोलून, ना एक जास्त ना एक कमी. गेल्या रविवारी मी कपाटातून तुमची वही काढली, पाण्यातलं बोरॉन धरलं, चिठ्ठीतलं धरलं, बावीस दिवसांचा हिशेब घातला. पानांच्या रिपोर्टात जेवढं निघालं होतं तेवढंच येतं. जास्तीच्या पुडीला त्यात जागाच नाही. तुमच्या हातानं काही चूक केलेली नाही. जलालला दुकान सांभाळू द्या, माडांचं बोरॅक्स तुम्हीच तोला.

काल गुरुवारी मी दोन्ही कागद, वहीतल्या त्या महिन्याच्या झेरॉक्स आणि माझं लेखी निवेदन जमालुद्दीनसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं. म्हणाले, दो साल पुरानी बात है, खलास हो गई, क्यों उखाड़ रहे हो, कफीलला, मालकाला कळलं तर तुझाही खुरूज लागेल, इसहाकसारखं तुलाही कायमचं घरी पाठवतील. मी म्हणालो, लागू दे, पण फाइलमध्ये इसहाकच्या नावापुढे जे लिहिलंय ते खोडा, आणि खोडल्याचा शिक्क्याचा कागद द्या. त्यांनी ड्रॉवर उघडला. मग निवेदनावर पोचल्याचा शिक्का मारला. मालक मंगळवारी जेद्दाहहून येतील, तेव्हा काय ते ठरेल. कागद मिळाला तर तुमच्याकडे पाठवीन. नाही मिळाला तर सध्या हे पत्र आहे, माझ्या सहीचं. नाक्यावर, मशिदीत, जलालच्या दुकानात, जिथं वाटेल तिथं वाचून दाखवा. माझं नाव झाकू नका. सोबत त्या दोन कागदांच्या आणि माझ्या निवेदनाच्या प्रतीही जोडल्यात.

विभावरीला परवा सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, हे त्यांना अजून माहीत नाही? मी नाही म्हणालो. ती उठून आत गेली. आज सकाळी जेवणाच्या टेबलावर पेन आणि कोऱ्या कागदांची चळत ठेवलेली होती, आणि ती मैत्रिणीकडे निघून गेली होती. एरवी शुक्रवारी ती मला भाजी आणायला पाठवते.

आता शेवटचं, आणि खरं तर लिहायचं ते हेच. वर मी लिहिलंय की दुसरा कागद मला 'नंतर' सापडला. विभावरीलाही तसंच सांगितलंय. तो शब्द खोडत नाही, तसाच राहू दे, म्हणजे मी कसा बोलतो ते तुम्हाला कळेल. तो कागद मला ईदनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात सापडला, मालकासाठी जुने ईमेल गोळा करताना. तुमच्या विमानाला तेव्हा अकरा दिवस होते. तुम्ही कॅम्पमध्येच होतात, माझ्या केबिनपासून दोनशे पावलांवर, खुरूजची वाट बघत. अकरा दिवस मी रोज ठरवलं की आज सांगतो. ज्ञानदाचं पुढच्या प्रवेशाचं चाललं होतं, इकाम्याचं, इथल्या राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण तोंडावर होतं, कारणं भरपूर होती, आणि खरं कारण एकच, मी घाबरलो. अकराव्या दिवशी तुम्हाला एअरपोर्टवर सोडायला मीच आलो. मला वाटलं, एवढं केलं म्हणजे काहीतरी केलं. दोरीनं बांधलेली दोन खोकी ट्रॉलीवर ठेवून तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत आणि म्हणालात, "बोलल्याचालल्याचा माफ करा सायेब. माझ्या हातानं तुमचा नाव खराब झाला, त्याचाबी माफ करा." लांबच्या प्रवासाला निघताना तुमच्यात असं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही नुसती रीत पाळत नव्हता, खरंच माफी मागत होतात. आणि मी, सगळं माहीत असलेला मी, तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, झालं गेलं इसहाकभाई, मी माफ केलं. तुमचा चेहरा सैल झाला. तुम्ही डोळे पुसून आत गेलात, आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. ती माफी तुम्ही अडीच वर्षं जवळ बाळगून आहात. ती मी परत मागतोय. तुमच्याकडून माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं. हे सगळं वाचल्यावर तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणत नाही, ते या पत्रात मागायचा मला हक्क नाही. मी दिलेली तेवढी मला परत द्या.

तुमचाच,
यतीन